आधी काच बघा, मग शटर ऐका

सीमाभागात जुना एसएलआर कॅमेरा वापरून झिजलेला असा क्वचितच हाती येतो. येतो तो न वापरता बिघडलेला. कुणाच्या काकांनी आखातातून येताना आणलेला, कुणाच्या वडिलांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत पै-पै साठवून घेतलेला, किंवा डिजिटल आल्यावर गल्लीतल्या स्टुडिओवाल्यानं मागं टाकलेला. चामड्याच्या केसमध्ये घालून तो कपाटाच्या तळाशी जातो आणि त्यावरून पंधरा-वीस पावसाळे जातात. बेळगावचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. मिरग लागला की भिंतींना ओल धरते, चपलांवर पांढरी बुरशी चढते. भिंगावरही ती तशीच चढते, फक्त ती डोळ्यांना लगेच दिसत नाही.

म्हणून या भागात जुना कॅमेरा घेणाऱ्याला, किंवा घरातलाच बाहेर काढणाऱ्याला, माझं पहिलं सांगणं हेच आहे. कंपनीचं नाव, मॉडेल, भाव हे सगळं नंतर. आधी काच बघा, मग शटर ऐका. या दोन गोष्टी ठीक असतील तर साधा कॅमेराही तुम्हाला अनेक वर्षं चित्रं देईल. या दोन्ही गेलेल्या असतील तर नामांकित कॅमेराही काचेच्या कपाटात ठेवण्यापुरताच उरतो.

आणि या कॅमेऱ्यांसाठी एवढी खटपट करावी असं त्यांच्यात खरोखरच काही आहे. पेंटॅक्स के१०००च्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. मधोमध बारीक दाणेदार वर्तुळ दिसतं. लेन्सची रिंग फिरवत गेलात की ते दाणे थरथरतात आणि चेहरा नेमका फोकसमध्ये आला की एकदम विरून जातात. निकॉन एफएममध्ये तिथं दुभंगलेली प्रतिमा असते. दाराची चौकट दोन तुकड्यांत दिसते आणि बोटाच्या हलक्या फिरवण्यानं सांधली जाते. मग अंगठ्यानं लिव्हर ओढायची, श्वास धरायचा, बटण दाबायचं. आत आरसा वर उडतो, पडदा सरकतो, आरसा खाली येतो. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळं प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी माणूस नीट बघतो. हे बघणं मला फार मोलाचं वाटतं.

कॅमेऱ्याच्या यंत्राशी आपल्या भागाचं नातंही जुनं आहे. निपाणीहून तासाभरावर कोल्हापूर. तिथं आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. इकडं बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं होतं, आणि आज उद्यमबागेत शेकड्यानं लेथ फिरतात. यंत्र उघडून समजून घेणारी माणसं इथं कधी कमी नव्हती. जुन्या कॅमेऱ्याच्या नादाला अशीच माणसं लागतात.

एसएलआर ओळखायचा कसा?

घरात सापडलेला प्रत्येक जुना कॅमेरा एसएलआर नसतो. बडोद्याला तयार झालेला आग्फा क्लिक थ्री बऱ्याच घरांत निघतो. तो पेटी कॅमेरा, त्याला रुंद १२० चा रोल लागतो. स्टुडिओंमधून निघतो तो यशिका मॅट-१२४जी किंवा यशिका ६३५, वर-खाली दोन लेन्स असलेला, वरून खाली वाकून बघायचा. तोही सुंदर कॅमेरा आहे, पण त्याचं शास्त्र वेगळं. एसएलआरला एकच लेन्स असते, ती फिरवून किंवा आटे सोडवून काढता येते, आत तिरपा आरसा असतो आणि माथ्यावर प्रिझमचा उंचवटा असतो. त्याला ३५ मिमीचा रोल लागतो, म्हणजे आजही मिळणारा.

आपल्याकडं सापडणाऱ्यांत रशियन झेनिट बरेच. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६५ पासून झेनिट-ई निघाला. जड, ओबडधोबड, शटर फक्त १/३० ते १/५००. त्याचं लाइट मीटर सेलेनियमचं, म्हणजे सेल लागत नाही, पण बहुतेकांचं आता मेलेलं असतं. तरीही त्याच्यासोबत हेलिओस ४४-२ लेन्स असेल तर तो सोडू नका. त्या लेन्सबद्दल पुढं सांगतो. पूर्व जर्मनीचे प्राक्टिका हे झेनिटचेच भाईबंद, लेन्स बसवायचा आटाही तोच.

नवशिक्याला माझी पहिली पसंती पेंटॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं तो निघत राहिला, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं नाहीच. मीटरपुरता एक बटणसेल, बाकी सगळं यंत्र. मात्र त्याच्या मीटरला बंद करण्याचं बटण नाही. लेन्सवर टोपण लावलं, की अंधारात मीटर झोपतं. टोपण हरवलं, तर सेल दर थोड्या दिवसांनी बदलत बसावं लागतं, म्हणून कॅमेऱ्यासोबत टोपण आहे की नाही हेही बघा. निकॉन एफएम (१९७७) आणि एफएम२ (१९८२) त्याहून मजबूत आणि महाग. एफएम२ चं शटर १/४००० पर्यंत जातं. कोसिना कंपनीनं निकॉनसाठी बनवलेला एफएम१० हलका, प्लास्टिकचा, पण शिकायला पुरेसा. ऑलिंपस ओएम-१ लहान आणि देखणा, व्ह्यूफाइंडर मोठा नि उजळ, एकदा हातात घेतला की खाली ठेववत नाही. यशिका एफएक्स-३ आपल्याकडं बऱ्यापैकी मिळतो. त्याच्या अंगावरचं काळं कातडं वाळून पोपडे सुटतात. त्यानं घाबरू नका, ते नवं चिकटवता येतं, आतलं यंत्र बहुधा ठणठणीत असतं.

कॅनन एई-१ (१९७६) आणि मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात. पण त्यांचं शटर विजेवर चालतं. सेल उतरला की कॅमेरा गप्प, आणि एक्स-७०० चे कपॅसिटर जुने होऊन बसतात. जवळपास दुरुस्ती करणारा नसेल, तर पहिला कॅमेरा म्हणून हे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

काच

लेन्स बॉडीतून काढा. छिद्राची रिंग सगळ्यांत लहान आकड्यावर, म्हणजे १.८ किंवा २ वर ठेवा, म्हणजे पाकळ्या पूर्ण उघडतील. काही लेन्समध्ये मागची दांडी बोटानं दाबावी लागते. आता मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं तिरपा धरा आणि दुसऱ्या बाजूनं काचेत बघा. नाकासमोर सरळ धरून बघाल तर काहीच दिसणार नाही, प्रकाश तिरपाच हवा.

बारीक धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, तिचा फोटोवर काहीही परिणाम होत नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तरी चालतो. बघायचं ते तीन गोष्टींसाठी. कडेकडून आत सरकणाऱ्या, फांद्या फुटलेल्या पांढऱ्या तंतूंची नक्षी दिसली तर ती बुरशी. काचेवर दुधासारखा सलग पडदा दिसला तर ती धुरी, बहुधा आतल्या ग्रीसची वाफ बसलेली. आणि कडेला तेलासारखे सप्तरंगी डाग दिसले तर दोन काचांना जोडणारा गोंद सुटलाय. तो दुरुस्त करणं अवघड, अशी लेन्स परत द्या.

कोपऱ्यात दोन-चार तंतू असतील तर लेन्स वाया गेलेली नसते. जाणकार माणूस ती उघडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या द्रावणानं पुसतो आणि काच स्वच्छ होते. पण बुरशी जुनी असेल, तर ती आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. मग पुसल्यावरही तीच नक्षी काचेत कोरलेली राहते. अशा लेन्सनं काढलेला उजेडाकडचा फोटो फिकट, धुरकट येतो. बुरशी अर्ध्या काचेवर पसरलेली असेल, तर ‘जरा साफ केली की झालं’ या शब्दावर पैसे देऊ नका.

यानंतर पाकळ्या. छिद्राची रिंग ओढून बघा, पाकळ्या चटकन मिटल्या पाहिजेत. त्यांच्यावर तेल आलं असेल तर त्या आळसावून मिटतात आणि फोटो जास्त उजेडाचे येतात. फोकसची रिंग जड असेल तर आतलं ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. पण रिंग फिरवताना करकर आवाज आला तर आत वाळू किंवा माती आहे.

पिवळी झालेली लेन्स हा एक वेगळाच मामला. पेंटॅक्सच्या ५० मिमी एफ/१.४ टाकुमारच्या बऱ्याच प्रतींमध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. ती थोडी किरणोत्सारी असते आणि वर्षानुवर्षांत चहाच्या रंगाची होते. ही खराबी नाही. लेन्स अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून खिडकीत काही दिवस उन्हात ठेवली, की अतिनील किरणांनी पिवळेपण उतरतं. फक्त लेन्समधून गेलेलं ऊन कापडावर, कागदावर किंवा लाकडावर एकवटणार नाही याची काळजी घ्या. भिंग आहे ते, आग लावू शकतं.

शटर

आता बॉडी. मागचं झाकण उघडा आणि शटर १ सेकंदावर ठेवून सोडा. चर्र असा एकसारखा आवाज येऊन पडदा बंद झाला पाहिजे. आवाज मध्येच अडखळला, किंवा सेकंदाचे दोन सेकंद झाले, तर हळू वेगांच्या चाकांत जुनं तेल घट्ट झालंय. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून सुरुवात-शेवट मोजलात तर फसण्याचं कारण नाही. मग १/१००० वर ठेवा, कॅमेरा उजळ आभाळाकडं धरा, आणि मागून बघत शटर सोडा. सगळी चौकट एका क्षणात सारखी उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर दोन पडद्यांचा ताळमेळ सुटलाय.

कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे झेनिट, के१०००, एई-१ यांत, पडद्याला सुईएवढी छिद्रं पडलेली असू शकतात. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूनं टॉर्च मारा, आरसा वर लॉक होत असेल तर तो वर करून, आणि मागून बघा. ताऱ्यासारखा ठिपका दिसला तर प्रत्येक फोटोवर उजेडाचा डाग येणार. पडद्याला बोट मात्र लावू नका. आरशालाही नाही, त्याचा चकचकीत थर वरच्या बाजूलाच असतो आणि फडक्यानंही खरवडला जातो.

झाकणाच्या कडेचा काळा फोम बघा. नख लावलं आणि डांबरासारखा चिकटला, तर तो बदलावा लागेल. हे काम स्वस्त आहे आणि घरीही जमतं. न बदलता रोल भरलात तर फोटोंवर नारिंगी पट्टे येतील. आरसा वर जिथं टेकतो तिथला फोम चिकटला असेल तर आरसा वरच अडकून बसतो.

सेलचं झाकण नाण्यानं उघडा. आत हिरवट-पांढरा क्षार जमलेला असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटनं. झाकणच जाम असेल तर जोर करू नका. ओएम-१ आणि मिनोल्टाच्या एसआरटी मालिकेला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बंद झालाय. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगतं. त्याऐवजी कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या, तो १.४ व्होल्टचा असतो. श्रवणयंत्रांच्या दुकानात सहज मिळतो, थोडा लहान असल्यानं भोवती रबराची रिंग घालावी लागते, आणि उघडल्यावर काही आठवड्यांत संपतो.

कॅमेऱ्यात कधीही यंत्राचं तेल सोडू नका, फवारा तर मुळीच नाही. तेल पसरत पसरत पडद्यावर आणि पाकळ्यांवर जातं. कोल्हापूर, पुणे, मुंबई इथं अजून जुने मेकॅनिक आहेत. मुंबईत फोर्टातली बोरा बाजार गल्ली कॅमेऱ्यांसाठीच ओळखली जाते. तिकडं कुणी जाणार असेल तर कॅमेरा सोबत द्या. खरेदीलाही तिकडं आणि पुण्याच्या जुन्या बाजारात नजर टाकावी, पण तिथं टॉर्च विसरू नये. अॅडॉप्टर रिंग, लेन्स उघडायचा दोन टोकांचा पाना अशा वस्तूंसाठी मात्र कुठं जायची गरज नाही. नमुना नेऊन दाखवलात तर उद्यमबागेतला चांगला लेथवाला त्या करून देईल.

पावसाळा

हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढते. बेळगाव, खानापूर भागात पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे याहून वर असते. निपाणी-चिकोडीकडं पाऊस कमी, तरी श्रावणातली दमट हवा पुरेशी असते. तेव्हा मिरगाच्या आत ही तयारी करून ठेवा. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. फार खाली, तीसच्या आत गेला तर ग्रीस आणि गोंद वाळतात. सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओलं झालं. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास काही तास तापवलं की पुन्हा कोरडं होतं. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. आणि तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

चामड्याची केस वेगळी ठेवा. ती दिसायला कितीही सुंदर असली तरी ओल धरून ठेवते, आणि बुरशीचं बीज तिच्यातूनच लेन्सवर जातं. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक वेगावर शटर सोडा, रिंगा फिरवा, लेन्सला तासभर उजेड दाखवा. ठेवताना शटर चढवलेलं ठेवू नका, स्प्रिंग ताणलेली राहते. आंबोलीच्या धुक्यातून किंवा गोकाकच्या धबधब्याच्या तुषारांतून परत आलात, तर त्या रात्री कॅमेरा बॅगेत बंद करू नका. पुसून पंख्याखाली ठेवा.

रोल

साधा रंगीत रोलही आज हजाराच्या आसपास जातो, वर धुणं आणि स्कॅनिंग. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ आणि पूर्व जर्मनीचा ‘ओर्वो’ स्टुडिओवाल्यांना कोपऱ्यावर मिळायचे, ते दिवस गेले. आता कोडॅक गोल्ड २००, कलरप्लस २००, काळ्या-पांढऱ्यात इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा झेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून चालत आलेला फोमापॅन, हे मागवावे लागतात. फोमापॅन स्वस्त, पहिल्या रोलला तोच बरा. रोल फ्रिजमध्ये ठेवलात तर वापरण्याआधी डबी न उघडता तासभर बाहेर ठेवा, नाहीतर फिल्मवर पाणी साचतं.

रोल भरताना सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथं. फिल्मची जीभ उजवीकडच्या फिरकीत अडकवली, झाकण लावलं, की डावीकडची रिवाइंडची कडी हलक्या हातानं रोल परत गुंडाळायच्या दिशेनं फिरवून सैलपणा काढा. मग लिव्हर ओढताना त्या कडीकडं बघा. ती फिरली तर रोल सरकतोय. फिरली नाही तर फिल्म सुटली आहे, आणि तुम्ही लग्नाचे ३६ फोटो काढाल पण एकही उमटणार नाही. रोल संपल्यावर लिव्हर अडते, तिथं जोर करू नका. तळाचं बटण दाबून रोल परत गुंडाळा.

सांबऱ्याच्या विमानतळावरून प्रवास असेल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात कधीच नाही. मोठ्या विमानतळांवर आता सीटी स्कॅनर बसू लागलेत, तिथं रोल वेगळे काढून हातानं तपासायची विनंती करा.

उजेडाचा हिशेब

मीटर बंद असेल तरी अडत नाही. कडक उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर रोलच्या आयएसओएवढं, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. सावल्या धूसर झाल्या की एफ/११ किंवा एफ/८, श्रावणातल्या भरून आलेल्या आभाळाखाली एफ/५.६ किंवा त्याहूनही उघडं. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त उजेड चालतो, कमी मात्र मुळीच चालत नाही. शंका आली की एक घर उघडा.

मीटर चालू असलं तरी ते आभाळाला फसतं. निपाणीकडच्या उघड्या माळावर, तंबाखूच्या शेतात, उन्हात उभ्या शेतकऱ्याचा फोटो घ्याल तर मीटर आभाळ बघून सांगतं आणि टोपीखालचा चेहरा काळा पडतो. आधी कॅमेरा जमिनीकडं वाकवून मीटर वाचा, तेच आकडे ठेवा, मग चौकट लावा. पांढरं धोतर, पांढरा सदरा यांनी चौकट भरली असेल तर मीटरपेक्षा एक घर जास्त उजेड द्या. तंबाखूच्या वखारीत आत जाणार असाल तर लेन्स तिथं बदलू नका, ती बारीक भुकटी सगळीकडं शिरते. आणि तिथं काम करणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

शिकण्यासाठी बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखी जागा नाही. १२०४ च्या आसपासचं हे जैन मंदिर, रट्टांच्या काळातलं. छतातलं दगडी कमळ काळ्या दगडाच्या अंधारात आहे आणि उजेड बाजूनं येतो. ४०० चा रोल, लेन्स एफ/२ वर, शटर १/१५ किंवा १/३०, पाठ खांबाला टेकलेली, कोपर पोटाला. फ्लॅश लावला तर दगडाचा सगळा उठाव सपाट होईल.

लेन्सबद्दल आणखी थोडं

पहिली लेन्स ५० मिमीचीच ठेवा. ती उजळ असते, स्वस्त असते, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यासोबत येते. झूमच्या मागं लागू नका. त्या काळचे स्वस्त झूम मऊ आणि काळोखे, शिवाय जास्त काचा म्हणजे बुरशीला जास्त जागा. हात बसल्यावर २८ किंवा १३५ घ्या.

हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ ची लेन्स जर्मन झाइसच्या बायोटारवर बेतलेली. तिला दोन रिंगा असतात. एकीवर हवं ते छिद्र ठरवायचं, समजा ४. दुसरी रिंग पूर्ण उघडून फोकस करायचा, आणि बटण दाबण्याआधी तीच रिंग अडेपर्यंत मिटायची. सुरुवातीला हात गोंधळतो, आठवडाभरात आपोआप फिरतो. एफ/२ वर, मागं झाडी ठेवून कुणाचा चेहरा काढलात तर मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. ज्यांना ही लेन्स आवडते, त्यांना ती यासाठीच आवडते.

जुन्या लेन्स डिजिटल मिररलेसवरही लागतात, आणि रोलचा खर्च झेपत नसेल तर तो मार्ग उत्तम. लेन्स ज्या पृष्ठाला बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या ४२ मिमीच्या आट्यात ४५.४६ मिमी असतं, सोनी ई मध्ये १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी. मधली जागा अॅडॉप्टर भरून काढतो. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते ४४ मिमी, म्हणून तिथंही ही लेन्स चालते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र ४६.५ मिमी, म्हणून तिथं दूरचा फोकस येत नाही. हे न बघता अॅडॉप्टर मागवू नका. निकॉनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १९७७ च्या आधीच्या, न बदललेल्या निकॉन लेन्स एफएम२ किंवा एफएम१० वर जबरदस्तीनं चढवल्या तर बॉडीची कळ मोडते.

रोल धुणं

रंगीत रोल कुरिअरनं पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला पाठवणंच सोयीचं. काळा-पांढरा रोल मात्र घरी धुवा. एक टाकी, थर्मामीटर, डी-७६ डेव्हलपर आणि फिक्सर एवढ्यावर होतं. एचपी५ ला डी-७६ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. बेळगावात थंडीत सकाळी पाणी जवळपास तेवढंच असतं. एप्रिलमध्ये बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून तापमान खाली आणा, किंवा २४ अंशांना सुमारे साडेपाच मिनिटं धरा. त्याहून गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की फिल्म एकसारखी धुतली जात नाही. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, नाहीतर फिल्मवर क्षाराचे ठिपके वाळतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. अंगणात विहीर असलेल्या घरांनी तर तो कधीही मोरीत ओतू नये. कॅनमध्ये साठवा आणि रासायनिक कचरा घेणाऱ्याकडं द्या.

शेवटी, जुना कॅमेरा घ्यायला एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओत गेलात, तर कॅमेऱ्याच्या शेजारच्या निगेटिव्हच्या खोक्यांचीही चौकशी करा. तीस-चाळीस वर्षांची गावातली लग्नं, शाळेचे गट, गणपतीच्या मिरवणुका त्यांत आहेत, आणि जागा रिकामी करताना त्या सगळ्यांत आधी भंगारात जातात. मालकाच्या परवानगीनं त्या घ्या. खोकं उघडल्यावर व्हिनेगरचा उग्र वास आला तर त्या फिल्मचा आधार कुजायला लागलाय. त्या पट्ट्या लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या करा, नाहीतर तो वास इतरांनाही कुजवतो, आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा लावा. बाकीच्या पट्ट्या कागदी पाकिटांत, लेन्सच्याच कोरड्या डब्यात ठेवा, आणि पाकिटावर पेन्सिलीनं गाव, साल आणि माणसांची नावं लिहा. ती नावं सांगणारे मालक आज भेटताहेत, तोवर विचारून घ्या.